प्रवासी कोणास म्हणावे

इंग्लंडच्या कायद्यानुसार सराईवाल्याला दारात आलेला प्रवासी परत पाठवता येत नाही. प्रवासी शुद्धीवर असावा, पैसे देण्याइतका बरा दिसत असावा आणि सराईत एक तरी खाट रिकामी असावी. एवढे जुळले की त्याला आत घेणे, खाऊ घालणे, निजायला जागा देणे आणि त्याचे सामान डोळ्यांत तेल घालून सांभाळणे हे सराईवाल्याचे कर्तव्य ठरते. या कर्तव्याला सहाशे वर्षे झाली. मधल्या काळात राजघराणी बदलली, घोड्यांच्या जागी मोटारी आल्या, लोक सराईला हॉटेल म्हणू लागले. कर्तव्य मात्र होते तिथेच राहिले, कारण ते कोणाच्या लक्षातच नव्हते. आमच्या ब्रॅमलो गावात ते पहिल्यांदा माझ्या लक्षात आले. त्याबद्दल मी अजून गावाची माफी मागितलेली नाही.

मी हर्बर्ट हार्गेस, ब्रॅमलो कौन्सिलात उपमुख्य कारकून. माझ्याकडे पायवाटा, कचऱ्याचे डबे, ऐतिहासिक इमारती, व्यवसायांची नोंदणी आणि ‘इतर’ अशी पाच खाती आहेत. ‘इतर’मध्ये कधी काही येत नाही, म्हणून मी त्या वेळात कायद्याची जुनी पुस्तके वाचतो. साडेपाचला कचेरी सुटली की ग्रे हेरॉनमध्ये जायचे, शेकोटीजवळच्या बाकावर बसायचे आणि अर्धा ग्लास बिअर दीड तास पुरवायची, असा माझा एकोणीस वर्षांचा नेम होता.

ग्रे हेरॉन ही गावातली एकमेव सराई. खाली बार, वर पाच खोल्या, आणि दारावर लोखंडी दांड्याला टांगलेली, नावाप्रमाणे करड्या बगळ्याची पाटी. मालकीण विनिफ्रेड टगवेल. नवरा वारल्यापासून अकरा वर्षे सगळे त्या एकट्या पाहत होत्या. टगवेलबाई स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांना फक्त गिऱ्हाईक आवडत नसे. बिअर पिऊन घरी जाणारा एक वेळ चाले, पण मुक्कामाला राहणारा त्यांना खपत नसे, कारण मुक्कामाला राहणाऱ्याला सकाळी गरम पाणी लागते.

एकोणीसशे सत्तावन्न सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. बाहेर दाट धुके होते. सहाच्या सुमाराला एक उंच, किडकिडीत, साठी उलटलेला गृहस्थ आत आला. डोक्यावर काळी टोपी, एका हातात तपकिरी बॅग, दुसऱ्या हातात गुंडाळलेली छत्री. त्याने खोली मागितली.

“खोली नाही,” ग्लास पुसता पुसता टगवेलबाई म्हणाल्या.

“सगळ्या भरल्यात?”

“रिकाम्या आहेत. रिकाम्या आहेत म्हणूनच कुलूप लावलंय.”

गृहस्थाने बॅग खाली ठेवली आणि अतिशय नम्रपणे विचारले, की ही सराईच आहे ना? बाईंनी उलट विचारले, की मग काय तबेला दिसतोय? त्यावर तो म्हणाला, की तसे असेल तर आपण प्रवासी आहोत, शुद्धीवर आहोत, आणि आपल्याला आत घेणे बाईंना भाग आहे. टगवेलबाईंनी माझ्याकडे पाहिले.

“हार्गेस, तुम्ही कौन्सिलातले ना? सांगा जरा यांना.”

मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट घडलीच नसती. पण मी वाचलेल्या पुस्तकांतले एकही वाक्य एकोणीस वर्षांत कोणी मला विचारले नव्हते. मी उठून उभा राहिलो आणि सराईवाल्याची कर्तव्ये एकामागून एक, कलमवार, म्हणून दाखवली. मी बोलत असेपर्यंत त्या गृहस्थाने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. माझ्या भाषणाच्या वेळी एवढा मान त्याआधी कोणी दिला नव्हता, त्यानंतरही नाही.

टगवेलबाईंनी तीन नंबरची किल्ली खिळ्यावरून ओढून फळीवर आपटली. “जा वर. आणि हार्गेस, उद्यापासून आपला ग्लास आपण विसळायचा.”

गृहस्थाचे नाव ऑगस्टस फेन. चौतीस वर्षे वजनेमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचे, तराजू तपासायचा, काट्यात खोट निघाली की खटला भरायचा, हे त्यांचे आयुष्य. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरले नाही, पण सवय उरली. ते कधी तक्रार करत नसत. आवाज चढवत नसत. “फक्त माहितीसाठी सांगतो,” एवढेच म्हणत, आणि त्यापुढे जे सांगत ते खरे निघे. टगवेलबाईंना याचाच अधिक राग येई. खोटारड्या गिऱ्हाइकाला कसे वाटेला लावायचे हे त्यांना ठाऊक होते.

तिसऱ्याच दिवशी फेन यांची छत्री हरवली. फेन यांनी माहितीसाठी सांगितले, की पाहुण्याची वस्तू हरवली तर सराईवाल्याची चूक असो वा नसो, जबाबदारी त्याचीच. अपवाद दोन. दैवी आपत्ती, किंवा राणीच्या शत्रूंनी ती वस्तू नेली असेल तर.

“राणीच्या शत्रूंना तुमची छत्री कशाला लागतेय?” टगवेलबाईंनी विचारले.

“तेच म्हणतो मी,” फेन म्हणाले. “म्हणजे जबाबदारी तुमचीच.”

ही जबाबदारी थोडी कमी करता येते, पण त्यासाठी सरकारी नोटीस दर्शनी भागात लावलेली असावी लागते. नोटीस सराईत होती. तळघरात भिंतीला ओल आली होती, तिच्यावर बाईंनी ती चिकटवली होती. छत्री दुसऱ्या दिवशी सापडली. ती मी नेली होती. दोन्ही मुठी सारख्याच होत्या, त्यामुळे माझा नाइलाज होता. पण तोवर नोटीस तळघरातून वर आली होती आणि तिच्या शेजारी बाईंनी स्वतःच्या हाताने दुसरी लिहून लावली होती, ‘जाताना आपली छत्री दाखवावी.’ मग फेन आणखी एकेक गोष्ट माहितीसाठी सांगत गेले आणि भिंत भरत गेली. जेवणाच्या वेळा, गरम पाण्याचा हक्क, मौल्यवान वस्तू ठेवण्याची सोय. दारू प्यायला येणारे लोक ग्लास हातात घेऊन वाचत उभे राहत. गावात वाचनालय नव्हते, त्यामुळे या भिंतीचा मोठाच उपयोग झाला.

असे नऊ आठवडे गेले. फेन जायचे नाव काढत नव्हते. पैसे चोख, वागणे सभ्य, सकाळी आठला नाश्त्याला हजर. त्यांना काढावे तर कोणत्या तोंडाने? शेवटी बाईंनी मला धरले. “तुम्हीच यांना आत घातलंत, आता तुम्हीच काढा. त्या पुस्तकांत आत घ्यायचं कलम आहे, तसं बाहेर घालवायचंही असेल.”

मी शोधले आणि होते. एका जुन्या निकालात न्यायाधीशांनी म्हटले होते, की जो महिनोन् महिने एकाच जागी राहतो आणि कुठेच जात नाही, त्याला प्रवासी म्हणता येणार नाही. आणि जो प्रवासी नाही त्याला ठेवून घ्यायला सराईवाला बांधलेला नाही. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी बाईंनी हा निकाल फेन यांना ऐकवला. फेन यांनी तोंडातला घास संपवला.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “माझ्याच लक्षात यायला हवं होतं.”

ते वर गेले, बॅग भरली, बाईंचे आभार मानले आणि दहाच्या बसने निघून गेले. बाईंनी खोलीच्या खिडक्या उघडल्या, गादी उन्हात घातली आणि त्या दिवशी बारमध्ये आलेल्या प्रत्येकाला, कचेरीतून डोकावलेल्या मला धरून, हसून विचारले की कसे काय चालले आहे. लोक जरा घाबरलेच.

हे हसणे अकरा वीसपर्यंत टिकले. अकरा वीसच्या परतीच्या बसमधून फेन बॅग घेऊन उतरले आणि सराईत येऊन खोली मिळेल का म्हणून विचारू लागले. बाईंनी विचारले, की तुम्ही आत्ताच गेला होतात ना? फेन म्हणाले, “गेलो होतो. अपर हॅटनपर्यंत. आता तिथून आलोय. प्रवास करून.”

अपर हॅटन पुढचेच गाव. बसने एकोणीस मिनिटे. मी पुस्तक पुन्हा पाहिले. प्रवास किती लांबीचा असावा याबद्दल सहाशे वर्षांत एकाही न्यायाधीशाने काही म्हटले नव्हते.

त्या दिवसापासून फेन रोज दहाला सराई सोडत आणि अकरा वीसला प्रवासी म्हणून परत येत. रोज नवा पाहुणा, म्हणून रजिस्टरात रोज नवी नोंद. ‘कुठून आलात’ या रकान्यात अपर हॅटन, ‘कुठे जाणार’ या रकान्यात अपर हॅटन. आरोग्य खात्याच्या नियमाप्रमाणे नव्या पाहुण्याला धुतलेली चादर द्यावी लागते, म्हणून बाई रोज चादर धूत, रोज इस्त्री करत. गावाला या येण्याजाण्याची सवय झाली. खाटकाच्या दुकानात बायका म्हणत, आज प्रवासी सात मिनिटे उशिरा आला, रस्त्यावर मेंढ्या होत्या म्हणे. मी एकदा त्यांना प्रवास कसा झाला म्हणून विचारले. बस जरा हलते, ते म्हणाले.

टगवेलबाईंनी मग मुळावरच घाव घालायचे ठरवले. सराई ही सराईच राहिली नाही तर? कोणा वकिलाने त्यांना सांगितले होते, की ‘खाजगी विश्रामगृह’ अशी नोंद करून घेतली की कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही हे मालकाच्या मर्जीवर. आपली मर्जी कायदेशीर होऊ शकते हे कळल्यावर बाईंनी तातडीने अर्ज लिहिला आणि संध्याकाळी बारच्या फळीवरून माझ्याकडे सरकवला. मी तो परत सरकवला आणि पोस्टाने पाठवायला सांगितले.

“तुम्ही समोर बसलाय, हार्गेस.”

“समोर मी बसलोय. कौन्सिल बसलेलं नाही.”

अर्ज पोस्टाने आला. मी त्यावर विचार केला आणि नोंदणी खात्यातर्फे उत्तर पाठवले, की अर्ज मंजूर होण्यास हरकत नाही, मात्र प्रवाशांना आमंत्रण वाटेल अशी कोणतीही खूण इमारतीवर राहता कामा नये, सबब दर्शनी पाटी उतरवावी. पाटी उतरवण्याचा विषय निघाल्यामुळे तो कागद नियमाप्रमाणे ऐतिहासिक इमारती खात्याकडे गेला. त्या खात्यातर्फे मी दुसरे उत्तर पाठवले, की सदर बगळा अडीचशे वर्षांपूर्वीचा असून संरक्षित यादीत आहे, तो उतरवल्यास, हलवल्यास किंवा झाकल्यास कारवाई करण्यात येईल.

बाईंनी दोन्ही पत्रे माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवली. “दोन्हीवर सही तुमचीच आहे.”

“हो. पण खाती वेगळी आहेत.”

“मग या दोन खात्यांची एकदा गाठ घालून द्या ना.”

“त्यासाठी तिसरं खातं लागतं,” मी म्हणालो. “ते आपल्याकडे नाही.”

त्या आठवड्यात एके संध्याकाळी बारमध्ये मी आणि फेन दोघेच होतो. मी सहज विचारले, की तुमचे स्वतःचे घर नाही का? ते म्हणाले, आहे, नेदर कूम गावात, चांगले दगडी आहे. मग इथे रोज हा उपद्व्याप कशासाठी?

“चौतीस वर्षं मी लोकांच्या दारातून आत जात होतो,” ते म्हणाले. “मी आत आलो की प्रत्येकाचं तोंड उतरायचं. माझी काही तक्रार नाही, कामच तसं होतं. पण या बाईंचं तोंड उतरलं तरी त्यांना मला आत घ्यावं लागतं.”

“त्यांना आनंद व्हावा असं कायद्यात कुठे नाही,” मी म्हणालो.

“नाही. घ्यावं एवढंच आहे. माझ्या वयाला तेवढं पुरतं.”

मी माझा ग्लास विसळला आणि घरी गेलो.

फेब्रुवारीत बाईंनी शेवटी फेन यांनाच विचारले, की तुम्हाला नाही म्हणायची एखादी कायदेशीर वाट आहे का. दुसरा कोणी असता तर नाही म्हणाला असता. पण फेन यांनी उभ्या जन्मात काटा वाकडा धरला नव्हता. ते म्हणाले, “आहे. सगळ्या खोल्या भरलेल्या असतील तर माझा काहीही हक्क राहत नाही. बैठकीत खुर्चीवर टेकू द्या, एवढंही मला म्हणता येत नाही. तसा निकाल आहे. फक्त माहितीसाठी सांगतो.”

पुढच्या मंगळवारी फेन दहाच्या बसने गेले आणि ऐंशी मिनिटांत टगवेलबाईंनी पाचही खोल्या भरल्या. आठवडाभर राहणे-जेवणे फुकट, असे गावात आधीच सांगून ठेवले होते. संगीत शिकवणाऱ्या मिस पॉपलवेल पोपटाचा पिंजरा घेऊन आल्या. निवृत्त पोस्टमास्तर आले. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे डॉबनी आले. बाईंची एक लांबची मावशी आली. दोन नंबरच्या दक्षिणेकडच्या खोलीत मी आणि माझी बायको म्यूरिएल राहायला गेलो. आमचे घर तिथून पाव मैलावर. सार्वजनिक हितासाठी एवढा प्रवास आम्ही पत्करला.

अकरा वीसला फेन आले. मी जिन्यात उभा होतो.

“खोली नाही,” टगवेलबाई म्हणाल्या. ग्लास त्यांच्या हातात होता, पण त्या पुसत नव्हत्या.

“सगळ्या भरल्यात?”

“सगळ्या.”

फेन यांनी वरचा कानोसा घेतला. कोणीतरी न्हाणीघरात नळ सोडला होता, पोपट ओरडत होता. त्यांनी टोपी काढली. “मग माझं काही म्हणणं नाही,” ते म्हणाले. दारापर्यंत जाऊन ते वळले. “चादरीला इस्त्री फार छान असायची, बाई.” आणि ते गेले.

बाई जिंकल्या होत्या. पण त्या दिवशी त्या कोणाला कसे काय चालले आहे असे विचारताना दिसल्या नाहीत.

आठवडा संपला. आमच्यापैकी कोणीही हलले नाही. भिंतीवरच्या नोटिसा आम्ही सगळ्यांनी दोन-तीन महिने वाचल्या होत्या, त्यामुळे पाहुण्याचे हक्क आम्हाला तोंडपाठ होते. डॉबनींना अंडे बरोबर चार मिनिटे उकडलेले लागे, आणि ते घड्याळ घेऊन बसत. मिस पॉपलवेलचे म्हणणे असे, की पोपट हे सामान आहे, सबब त्याला सर्दी झाल्यास जबाबदारी सराईची. पोस्टमास्तरांनी आपली कवळी रोज संध्याकाळी मौल्यवान वस्तू म्हणून तिजोरीत जमा करायला आणि सकाळी सही करून परत घ्यायला सुरुवात केली. मावशी नातलग असल्यामुळे काहीच मागत नसे, फक्त नावे ठेवी. म्यूरिएल म्हणाली, की लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्यापुढे कोणी ताट आणून ठेवते आहे आणि ती इथून हलणार नाही. आम्हाला घालवता येते का, असे बाईंनी मला विचारले. प्रकरण विचाराधीन आहे, असे मी सांगितले आणि रात्रीसाठी गरम पाण्याची आणखी एक पिशवी मागून घेतली.

“तो माणूस निदान आपलं अंथरूण आपण घडी करत होता,” बाई एकदा स्वतःशीच म्हणाल्या.

अकरा वीसची बस रोज येत होती. त्या वेळी बाई दार पुसायला बाहेर उभ्या राहत. दार स्वच्छच होते. खाटकाच्या दुकानातल्या बायका म्हणत, प्रवासी आजारी तर नसेल? एकटाच आहे म्हणतात. तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी टगवेलबाईंनी कोट चढवला, टोपी घातली आणि मला म्हणाल्या, “हार्गेस, उठा. आपल्याला नेदर कूमला जायचंय.” मी म्हणालो, आज शनिवार, कौन्सिल बंद असते. त्या म्हणाल्या, “कौन्सिल नकोच आहे मला. तुम्हीच चला.”

नेदर कूम अकरा मैल. बस खरोखरच हलत होती. गावाच्या टोकाला फेन यांचे घर सापडले. चांगले दगडी होते. खिडक्यांचे पडदे ओढलेले, धुराड्यातून धूर नाही. बाईंनी कडी वाजवली. बऱ्याच वेळाने दार वीतभर उघडले आणि साखळीला अडकून थांबले. फटीतून फेन दिसले. घरातच होते, पण अंगात ओव्हरकोट आणि गळ्याला मफलर.

टगवेलबाई ताठ उभ्या राहिल्या. “आम्ही दोघं प्रवासी आहोत,” त्या म्हणाल्या. “शुद्धीवर आहोत. परतीची बस साडेपाचला आहे.”

फेन यांनी आमच्याकडे नीट पाहिले. “बाई, हे खाजगी घर आहे. तुम्हाला आत घ्यायचं मला कायद्यानं बंधन नाही.”

“माहीत आहे. म्हणून तर विचारायला आले.”

माणसाला इतक्या अडचणीत सापडलेले मी कधी पाहिले नव्हते. आत घ्यावे असा नियम नव्हता, घेऊ नये असाही नव्हता. फेन यांनी दार लावून घेतले.

“झालं,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “माझंच मला परत मिळालं.”

आम्ही पायरी उतरलो तेवढ्यात मागे साखळी खुळखुळली. दारावरची साखळी काढायची तर दार आधी पूर्ण लावून घ्यावे लागते, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आले नव्हते. दार उघडले.

आत बाहेरच्यापेक्षा थंडी होती. टेबल एक, खुर्ची एक. कपाटात पितळी वजनांचा जुना संच, लख्ख घासलेला. कप एकच होता, तो बाईंना मिळाला. मला दात घासायच्या ग्लासात चहा मिळाला. फेन उभेच राहिले. इकडे कोण येते का, असे बाईंनी विचारले. विजेचा मीटर वाचणारा येतो, ते म्हणाले, तीन महिन्यांतून एकदा. मागच्या खेपेस त्याला घाई होती.

बाईंनी चहा संपवला आणि सराईतली हकीकत सांगितली. पाच खोल्यांत सहा माणसे आणि एक पोपट. कोणी हलत नाही.

“ती मंडळी आली कशी?” फेन यांनी विचारले.

“मी बोलावलं.”

“मग ती प्रवासी नाहीत. बोलावून आलेल्या माणसाला हा कायदा ओळखत नाही. तुम्ही या म्हणालात, तुम्ही जा म्हणू शकता. आजच्या आज. मिस्टर हार्गेसना हे ठाऊक असणारच.”

दोघांनी माझ्याकडे पाहिले. मला ठाऊक होते. तिसऱ्या पानावरच आहे. पण दोन नंबरच्या खोलीत सकाळचे ऊन यायचे. मी ग्लास तोंडाला लावला आणि चहा गरम आहे असे म्हणालो.

निघताना बाई दारात थांबल्या. हातमोजे घातले, काढले, पुन्हा घातले. “फेन,” त्या म्हणाल्या, “सोमवारी अकरा वीसच्या बसने या. बॅग घेऊन. पण मी बोलावतेय, हे लक्षात ठेवा. म्हणजे तुम्ही प्रवासी नाही. हक्क म्हणून तुम्हाला काही मागता येणार नाही. माझं डोकं फिरलं तर मी कधीही जा म्हणेन, आणि तुम्हाला एकही कलम दाखवता यायचं नाही.”

फेन यांनी इतका वेळ विचार केला, की साडेपाचची बस चुकते की काय असे मला वाटू लागले.

“जोखीम आहे,” ते म्हणाले.

“आहे.”

“बरं,” फेन म्हणाले. “येतो.”

त्याच संध्याकाळी आम्हा सगळ्यांना सराईतून काढण्यात आले. पोस्टमास्तरांना कवळी सहीशिवाय मिळाली. सोमवारी फेन आले. याला आता तीन वर्षे झाली. ते तिथेच राहतात, तळघराची ओल त्यांनीच दुरुस्त केली, दुपारी बाईंबरोबर वाद घालतात आणि बहुधा हरतात. बाईंनी त्यांना अजून जा म्हटलेले नाही. नोटिसा मात्र सगळ्या निघाल्या, सरकारी तेवढी राहिली.

मला पुन्हा ग्रे हेरॉनमध्ये अर्धा ग्लास मिळू लागला. तो मीच विसळतो. एकूण प्रकरण समाधानकारकरीत्या निकाली निघाले असे मी म्हटले असते, पण गेल्या महिन्यातली एक बाब राहिली आहे.

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. मी आणि म्यूरिएल जेवायला बसलो होतो. बाहेर पाऊस झोडपत होता. दार वाजले म्हणून मी उघडले. एक म्हातारे जोडपे उभे होते, नखशिखान्त भिजलेले. आमच्या कोपऱ्यावर त्यांची मोटार बंद पडली होती. त्या गृहस्थाने क्षमा मागितली आणि विचारले, की पाऊस थांबेपर्यंत कुठे थांबता येईल का. मी अत्यंत आपुलकीने त्यांना ग्रे हेरॉनची वाट सांगितली. सरळ जाऊन चौकातून डावीकडे, फक्त पाव मैल. तिथे तुम्हाला नाही म्हणूच शकत नाहीत, कायदा आहे, मी म्हणालो. एका पाकिटाच्या मागे नकाशाही काढून दिला. पाकीट भिजू नये म्हणून कसे धरायचे तेही दाखवले. त्यांनी फार आभार मानले. मी दार उघडल्याबरोबर त्यांच्या बायकोने पायपुसण्यावर दोन्ही बूट काळजीपूर्वक पुसून घेतले होते. त्या पायपुसण्यावर ‘स्वागत’ असे विणलेले आहे.

“कोण होतं?” म्यूरिएलने विचारले.

“प्रवासी.”

“मग?”

“पाठवलं ग्रे हेरॉनला.”

“बरं केलंस,” ती म्हणाली आणि तिने मला आणखी एक बटाटा वाढला.

तो बटाटा खाताना माझ्या लक्षात आले, की सराईवाल्याचा कायदा प्रवाशासाठी केलेला नाही आणि सराईवाल्यासाठी तर नाहीच. गावात एका दाराला सक्ती केली, की बाकीच्या सगळ्या दारांना निर्धास्त झोप लागते. आमच्या पूर्वजांनी सहाशे वर्षांपूर्वी हा विचार केला होता आणि तो बावीस वर्षे वाचूनही मला कळला नव्हता.

हे वाचून तुम्ही मनातल्या मनात मला नावे ठेवत असाल तर खुशाल ठेवा. फक्त त्याआधी एवढे सांगा, की भर पावसात असे कोणी तुमच्या दारात उभे राहिले तर तुम्ही त्यांना कुठे पाठवाल? पाहा, पत्ता लगेच आठवला.